मोजपट्टी खिशात असलेली माणसं

कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर. पुण्याच्या या भागांत हल्ली कुठल्याही गल्लीत शिरलं तरी एखादी इमारत पत्र्यांआड गेलेली दिसते. सत्तरच्या-ऐंशीच्या दशकात बांधलेल्या, तीन मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्यात. पत्रे लागण्याआधीचे आठ-दहा दिवस खरे बघण्यासारखे. फाटकाशी टेम्पो, जिन्यात खोकी, आणि जे टेम्पोत चढलं नाही ते सगळं पार्किंगमध्ये. लोखंडी कॉट, टीव्हीची ट्रॉली, सनमायका सुटलेला दिवाण, मुलांचं अभ्यासाचं टेबल, थर्माकोलचं मखर. पाटा-वरवंटा तर हमखास. नव्या घरात तो ठेवायला जागा नसते आणि फेकायचा धीरही होत नाही. मग तो भिंतीला टेकवून ठेवतात आणि निघून जातात.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'घर' हा विषय दिला. नव्या घरांबद्दल मला काही म्हणायचं नव्हतं, ती रोज सकाळी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर भेटतातच. जुन्या घरात राहणारे, ते स्वतःच्या हाताने दुरुस्त करणारे आणि त्यासाठी दुसऱ्यांनी टाकलेलं उचलून आणणारे लोक मला बघायचे होते. म्हणून अशा पार्किंगांमध्ये जाऊन उभी राहिले. येणाऱ्यांचे दोन प्रकार लगेच कळतात. एक जण वस्तू बघतो, खूश होतो आणि हिचं काय करता येईल याचा विचार उचलून झाल्यावर करतो. दुसरा आधी खिशातून मोजपट्टी काढतो. हा लेख दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

तराजू ज्याला ओळखत नाही

फुकट काय मिळतं हे कळायला आधी भंगाराचा धंदा कळायला हवा. इमारत पाडण्याचं काम घेणारा ठेकेदार पैसे घेऊन पाडतो असं आपल्याला वाटतं. बऱ्याचदा उलट असतं. तोच बिल्डरला पैसे मोजतो, कारण स्लॅबमधली सळई, ग्रिलं, दारं, चौकटी, वायरीतलं तांबं हे सगळं तो विकणार असतो. म्हणून चाव्या दिल्या की त्या इमारतीतला खिळाही आपला राहत नाही. काही करारांत तर फ्लॅटची दारं-खिडक्या सभासदाने काढून न्यायच्या नाहीत असं आधीच लिहिलेलं असतं. सामान सगळं आपलं, पण भिंतीत बसवलेलं कुणाचं, हे करार वाचल्याशिवाय ठरत नाही. शेजारच्या रिकाम्या फ्लॅटची खिडकी 'पडूनच होती' म्हणून काढून नेणं ही सरळ चोरी आहे.

आणि जे खरोखर टाकलेलं असतं, त्यालाही भाव असतोच, पण तो वजनाचा. तांबं आणि पितळ सगळ्यांत वर, मग अॅल्युमिनियम, मग लोखंड, मग रद्दी. लाकडापैकी चांगला साग वखारीत जातो, बाकीचं जळणात. मुंबईच्या बेकऱ्यांच्या भट्ट्यांनी असं कितीतरी जुनं फर्निचर, रंग आणि पॉलिशसकट, खाल्लेलं आहे. त्या धुरामुळेच 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून स्वच्छ इंधनाकडे वळायला मुदत घालून दिली.

काच, आरसे, शहाबादी फरशी, कडप्प्याचे तुकडे, वॉशबेसिन, प्लायवूडची फळी यांना मात्र तराजू ओळखत नाही. शिवाय ती नेताना फुटतात, त्यामुळे भंगारवाला त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. घर दुरुस्त करणाऱ्याला नेमकी हीच लागतात. ऐंशीच्या दशकातल्या प्रत्येक फ्लॅटच्या हॉलमध्ये एक शोकेस होती, तिला सरकत्या काचा होत्या. ताजमहालाची प्रतिकृती आणि शाळेतले कप त्यांच्यामागे चाळीस वर्षं उभे होते. आज त्या काचा ढिगाने निघतात. चार-पाच मिलिमीटर जाडीच्या, सपाट, साध्या काचा. कुणीही घेऊन जा म्हणतात.

काम आधी, वस्तू नंतर

अशीच काचांची एक जोडी उचलताना सहकारनगरचे एक काका भेटले. टेलिफोन खात्यातून निवृत्त, वय सत्तरीच्या पुढे, स्वतःचं छोटंसं बैठं घर. शर्टाच्या खिशात पोलादी मोजपट्टी आणि पॉकेट डायरी. डायरीत घराच्या दुखण्यांची यादी: न्हाणीघराची खिडकी, 24 बाय 18, तावदान तडकलंय. माळ्याच्या दाराची वरची बिजागरी. ओट्याखालची फळी, पाण्याने कुजलीय, 33 बाय 20. अशी पानंच्या पानं.

"यादीत नसेल ते मी उचलत नाही," ते म्हणाले. "कितीही सुंदर असो."

"हा नियम माझा आहे," काकू घरी गेल्यावर म्हणाल्या. "आणि दुसरा नियम, एक वस्तू आत आली की एक बाहेर. नाहीतर यांच्या भंगारात आम्ही दोघं उभ्याने झोपलो असतो."

काका वस्तू कशी पारखतात ते बघण्यासारखं आहे. खुर्ची असेल तर आधी उलटी करतात. सांधा खाचेत बसवून लाकडी खुंटीने आवळलेला आहे का, स्क्रू आहेत का, की नुसता गोंद आणि तारखिळे? स्क्रूचं असेल तर उघडता येईल, उघडता येईल ते दुरुस्त होईल. भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं कपाट ते हातही लावत नाहीत. त्यातून स्क्रू एकदा निघाला की त्या भोकात तो पुन्हा पकड धरत नाही, आणि पाणी लागलं की बोर्ड फुगतो, तो कायमचाच. गेल्या वीसेक वर्षांतलं बहुतेक तयार फर्निचर असंच आहे. म्हणजे उद्या आजच्या इमारती पाडल्या जातील तेव्हा त्यांच्या पार्किंगमध्ये उचलण्यासारखं फार काही असणार नाही.

शोकेसच्या काचेचं पुढे काय झालं ते मी त्यांच्या ओट्यावर बसून बघितलं. न्हाणीघराची खिडकी जुनी, लोखंडी पट्ट्यांची. तिच्या खाचेतली वाळून दगड झालेली लांबी काकांनी पटाशीने आधीच खरवडली होती, खाचेतला गंज घासून वर एक हात प्रायमर मारलेला. पाव्हणी काच वर्तमानपत्रावर पालथी ठेवली, लाकडी पट्टी धरली, कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवलं आणि एकाच दाबात एकच रेघ ओढली. त्याच रेघेवर परत चाक फिरवायचं नाही, काच वाकडी फुटते. मग रेघेखाली पेन्सिल सरकवून दोन्ही बाजूंना अंगठ्यांनी दाबलं. टक्क. उन्हात लोखंड फुगतं म्हणून काच खाचेपेक्षा चारी बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर कमी. लांबी घरचीच: खडूची पूड आणि जवसाचं तेल, कणकेसारखी मळलेली. खाचेत आधी पातळ थर, त्यावर काच टेकवून दाबायची, मग बाहेरून तिरकी पट्टी अंगठ्याने भरून पटाशीने एका ओढीत साफ करायची. वरून रंग लगेच मारायचा नाही. लांबीवर कातडी धरायला आठ-पंधरा दिवस लागतात. तोवर खिडकी आपटायची नाही, एवढंच पथ्य.

एक सावधगिरी त्यांनी आवर्जून सांगितली. हल्लीच्या टीपॉयवरची किंवा शॉवरच्या दाराची काच टफन केलेली असते, कोपऱ्यात बारीक शिक्का असतो. ती कापता येत नाही. कटर लावला तर अख्खी काच दाण्यादाण्यांनी अंगावर येते.

सागाचा वास

लाकडाची गोष्ट निराळी. त्याचा ढीग पार्किंगमध्ये सापडत नाही, त्यासाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास फिरायला हवं. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया, खांब, तख्तपोशीच्या फळ्या, अडसर लावायच्या भोकांसकट आलेले दरवाजे. हे फुकट नसतं, स्वस्तही नसतं. पण लागणारा तुकडा छोटा असेल तर कापून उरलेल्या ढपल्यांतून एखादा भला वखारवाला तसाच देतो.

जुन्या सागाचं एवढं कौतुक का? एक तर सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, त्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. दुसरं म्हणजे पाऊणशे-शंभर वर्षं वाड्यात उभं राहून ते लाकूड पूर्ण वाळलेलं असतं. त्याचं जे काही वाकणं-पिळणं व्हायचं ते होऊन गेलेलं. नव्या लाकडाच्या दाराला पहिल्या दोन पावसाळ्यांत जे रंधे मारावे लागतात ते इथे टळतात. रंगाच्या थराखाली काय आहे हे ओळखायला सुतार कडेची एक चिलटी काढून नाकाशी नेतात. कातड्यासारखा, किंचित तेलकट असा सागाचा वास एकदा कळला की विसरत नाही.

त्रास असतो खिळ्यांचा. जुन्या फळीत मुंडी तुटलेला एक खिळा राहिला तर रंध्याचं पातं जातं आणि मशीनवर असेल तर माणसाच्या जिवावर बेततं. मी ज्या मिस्त्रींकडे बसले होते ते मेलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून फळीवरून फिरवतात. जिथे ते अडखळतं तिथे खडूची खूण. मग छिन्नीने कोरून, पकडीने एकेक खिळा बाहेर. एका दरवाजाला अर्धा दिवस. मजुरी धरली तर नवा फ्लश दरवाजा स्वस्त पडतो, हे तेच सांगतात. फुकटच्या मालाचा हिशेब बहुधा इथेच चुकतो: माल फुकट असतो, वेळ नसतो. ज्याला ते काम करायची हौस आहे त्यालाच तो परवडतो.

आणि मापाचा प्रश्न. जुन्या फ्लॅटांची आतली दारं साडेसहा फुटांची, न्हाणीघराची अरुंद. आता चौकट सात फुटांची. दार कापून लहान करता येतं, मोठं करता येत नाही. म्हणून बरेचजण दाराला दार न ठेवता पुस्तकांची फडताळं किंवा ओट्याखालच्या झडपा करतात. पुण्यात जुनं गोळा करण्याच्या छंदाची फार मोठी परंपरा आहे. कवी अज्ञातवासी म्हणजे दिनकर गंगाधर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वाड्यांचे कोरीव दरवाजे गोळा केले आणि कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष शुक्रवार पेठेतल्या आपल्या संग्रहालयात आणून उभे केले. अर्थात त्यांच्याही डायरीत न बसणाऱ्या वस्तू आल्याच असणार; फक्त ते केळकर होते.

रंग काढताना मात्र हौस बाजूला ठेवावी. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा भारतात 2017 च्या अखेरीस लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्यात, शिसं भरपूर असू शकतं. असा रंग ब्लोलँपने जाळू नये, कोरडा घासूही नये. ओल्या पॉलिश पेपरने, तोंडाला चांगला मास्क लावून, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात नसताना घासावा आणि तो चिखल पुसून पिशवीत भरावा. त्यानंतर लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने जे पॉलिश चढतं, ते बघायला मात्र सगळ्यांना बोलवा.

कोकणात ही सगळी दुनिया कौलांची आहे. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने 1865 मध्ये कारखाना काढला आणि मंगलोरी कौल पश्चिम किनाऱ्यावर पसरलं. आता घरांवर पत्रे आणि स्लॅब येतायत, उतरवलेली कौलं अंगणाच्या कडेला रचून ठेवलेली दिसतात. ज्यांचं घर अजून कौलारू आहे ते मेमध्ये शाकारणीच्या आधी गावात फिरून याच थप्प्यांतून फुटक्यांची बदली शोधतात. इथेही अट तीच: नमुना घेऊन जायचं. दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत, आणि न बसलेलं कौल आषाढात आपलं म्हणणं मांडतं.

वायसर

घरदुरुस्तीचं नव्वद टक्के काम इतकं रोमँटिक नसतं. ते गळक्या नळाचं असतं. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाचे 86,400 थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलीटर धरला तरी रोजचं चार लिटरच्या वर पाणी मोरीत. प्लंबरला फोन केला की तो "उद्या येतो" म्हणतो, आणि त्याचंही बरोबर आहे, एवढ्याशा कामाला येण्याजाण्याचं पेट्रोलही सुटत नाही.

जुना पितळी नळ असेल तर हे काम कुणालाही जमतं. टाकीकडून येणारा कॉक बंद करायचा. नळ पूर्ण उघडून उरलेलं पाणी जाऊ द्यायचं आणि उघडाच ठेवायचा. मुंडीवर जुना फडका गुंडाळून पान्याने डावीकडे फिरवायची; फडका नसेल तर चकाकी सोलते. स्पिंडल बाहेर आला की त्याच्या टोकाला काळं रबरी वायसर दिसेल, त्याच्यावर गोल खड्डा पडलेला. चहाच्या किमतीत नवं मिळतं. बसवण्याआधी आत बोट घालून पितळेची बैठक चाचपायची. ती खडबडीत झाली असेल तर नवं वायसरही महिन्यात जाईल. आणि नंतर घरातल्या सगळ्यांना सांगायचं की नळ आवळून बंद करू नका, आवळण्यानेच वायसर मरतं.

पाव फेरीत बंद होणाऱ्या नव्या नळांना हे चालत नाही. त्यांच्या पोटात चिनी मातीच्या चकत्यांचं तयार काडतूस असतं, ते गेलं की त्याच कंपनीचं, त्याच मापाचं शोधत बसायचं. टाकून दिलेला जुना पितळी नळ लोक जपून ठेवतात तो यासाठी. बोहरी आळीत किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात त्याचे सुटे भाग अजून मिळतात.

यंत्रांचंही तसंच झालंय. दुरुस्तीचा हक्क ग्राहकाला मिळावा म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये एक पोर्टल सुरू केलं. चांगलं झालं. तरी आजही मिक्सरचा खरा तारणहार कोपऱ्यावरचा मिक्सरवालाच आहे.

सोसायटीत राहणाऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. संडास-न्हाणीघर, सिंक यांच्यामुळे खालच्या घरात होणारी गळती आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. गच्चीची गळती आणि बाहेरचे पाइप ही सोसायटीची जबाबदारी. अर्धी भांडणं हे वाचलं तर मिटतील. उरलेली अर्धी मिटणार नाहीत, कारण ती गळतीबद्दल नसतातच.

फुकट दिलं तरी नको

गादी आणि सोफा. ढेकूण जेवणाशिवाय महिनोन्‌महिने तग धरतो. शिवणीत काळे ठिपके दिसले तर वस्तूला पाठ दाखवावी, उन्हात टाकून काम भागेल हा भ्रम आहे.

गॅसची नळी. सुरक्षा होजलाही पाच वर्षांची मुदत असते, ती नळीवरच छापलेली असते.

जुनी वायर, बोर्ड, गीझर. वायरीचं आवरण कडक होऊन तडकलेलं असतं, गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह क्षाराने चिकटलेला असतो. विजेच्या बाबतीत घरमालकाने स्वतः करायचं काम एकच: 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्यायचा आणि त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघायचं. बाकी परवानाधारक वायरमनला बोलवा.

सिमेंटचे पत्रे. यांत अॅस्बेस्टॉस असतं. अख्खा पत्रा गुपचूप पडून आहे तोवर ठीक, पण कापला, भोक पाडलं, फोडला की त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. कोंबड्यांच्या खुराड्यासाठी असा पत्रा करवतीने कापताना मी पाहिलंय. तो माणूस नाकाला रुमालसुद्धा बांधत नव्हता.

ढिगावर पहिला हात

हे सगळं बघताना एक गोष्ट खुपत राहिली. पार्किंगमधल्या त्या ढिगाशी आपण हौशी लोक पोचतो, त्याआधी तिथे कचरावेचक ताई उभी असते. पुण्यात 1993 पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या बायकांची संघटना आहे, आणि 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था महापालिकेसाठी दारोदार कचरा गोळा करते. सुका माल विकून जे मिळतं तो त्यांच्या कमाईचा भाग असतो, चिल्लर नव्हे. बंगलेवाला माणूस ढिगातून तोटी आणि पितळी कडी काढून घेतो तेव्हा तो पर्यावरण वाचवत असेल, पण कुणाच्या तरी दिवसाच्या रोजंदारीतून वाचवतो.

सहकारनगरच्या काकांनी यावर शोधलेला तोडगा मला पटला. तराजूवर चढणारं ते उचलत नाहीत. लागलंच तर त्या ताईला विचारून, तिचा भाव देऊन घेतात. काच, फरशी, फळी मात्र बिनदिक्कत नेतात. "तिला ती नकोच असते," ते म्हणतात, "उलट मी नेली की तिचा हात कापायचा टळतो."

तुमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली असेल तर कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत एवढं करून घ्या. चाव्या द्यायच्या आधीचे दोन दिवस पार्किंग मोकळं ठेवा. धातू एका बाजूला, काच-लाकूड-फरशी दुसऱ्या बाजूला लावा, आणि कोणतं नेता येईल ते फळ्यावर लिहा. तुमच्याकडे रोज येणाऱ्या कचरावेचक ताईला आदल्या दिवशी सांगा, म्हणजे धातूवर पहिला हात तिचा पडेल. मग आजूबाजूच्या गल्ल्यांत निरोप द्या. येताना मोजपट्टी आणा, हेही कळवा.